सुरेशने न घासलेला दस्ता

आज साइटवर दरवाजांना जवसाचं तेल लावलं आणि त्या वासाबरोबर आखातातल्या सनद गावातली आमची जुनी खोली आठवली. म्हाताऱ्या अरबी घरमालकाने आपल्या वडिलांच्या दोन लष्करी रायफलींचे लाकडी दस्ते पॉलिशला दिले होते; एक मला, एक माझ्या रूममेट सुरेशला. सुट्टीचे चार शुक्रवार घासून मी माझा आरशासारखा केला. सुरेशने नुसतं तेल चोळलं.

माझं काम बघून म्हाताऱ्याने मान हलवली. सुरेशच्या दस्त्यावर मात्र त्याला वडिलांनी अरबीत कोरलेलं नाव सापडलं. त्यावर बोट फिरवत तो रडला आणि त्याने सुरेशला मिठी मारली.

“ते नाव आहे हे तुला कळलं कसं?” मी जळफळत विचारलं.

“कसलं कळतंय! मला चरे वाटले. घासायचा कंटाळा आला.”

अजून खुपतो मला तो सुरेश. तसेच चरे माझ्या दस्त्यावरही होते. पहिल्याच शुक्रवारी मी ते घासून काढले.