दिगूकाकांच्या शोकेसमधले पूर्वज

"काका गेले. पत्रकं वाटून झाली की ये." संग्रहालयाच्या पायऱ्यांवर काकूंचा हा निरोप वाचला आणि आधी रागच आला. माणूस न विचारता जातो, आणि काकूंना वाटतं मी पत्रकं संपवून येईन! पायरीवरच टाकून धावले… सगळी.

दिगूकाका सांगलीचे, निवृत्त ओतकाम इंजिनिअर. इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेत, माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. नात्यानं कोणी नाहीत. पण एकट्या मुलीनं रविवारी पाव खाणं हा गुन्हा आहे असं ठरवून त्यांनी मला ताटावर बसवलं. मी त्यांना आंदोलनात ओढलं. फिटंफाट.

आमची मागणी सरळ आहे: नायजेरियातल्या बेनिनच्या राजवाड्यातून इंग्रजांनी लुटलेली पितळी मस्तकं परत करा. तिथे नवा राजा गादीवर आला की वडिलांचं मस्तक ओतवून घेतो, वेदीवर मांडतो, घंटा वाजवून पूर्वजांना बोलावतो. इथे ते मस्तक काचेत, वर पाटी, हात लावू नका. काकांना पहिल्यांदा नेलं तर त्यांनी दालनाच्या दारातच बूट काढले. मग काचेला नाक लावलं. "मेण वितळवून ओतलंय. धातूची भिंत बघ किती पातळ! आमच्याकडे असं ओतकाम निघालं असतं तर मी पेढे वाटले असते गं." एवढं बोलून खिशातली खडीसाखर काढून काचपेटीवर ठेवली. रखवालदार धावत आला. काकांनी त्यालाच जर्मनमध्ये झापलं, "आल्झो, हे बघा, कुणाचे का असेनात, वाडवडील आहेत. उपाशी ठेवताना लाज नाही वाटत?" रखवालदारानं खडीसाखर उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडात टाकली. तेव्हापासून आमच्या पत्रकात 'उपाशी' हा शब्द आहे. सोबत्यांना तो भाबडा वाटतो. वाटू दे.

आता खरी गंमत. काकांच्या घराण्याचे देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, आजोबा-पणजोबांसकट, सांगलीच्या थोरल्या घरातून काकांनीच उचलून आणलेले. बैठकीतल्या शोकेसमध्ये, बिअरच्या मगांच्या रांगेत, वर छोटा दिवा. एका रविवारी त्यांच्या वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. "भाऊजी, नवरात्र आलं. देव्हारा ओका दिसतो हो. टाक कधी आणताय?" काकांनी हो-हो करून फोन ठेवला आणि मला म्हणाले, "दादाकडे धूळ खात पडतील. इथे काच आहे, कोरडी हवा आहे. मी नीट सांभाळतो."

"गेनाऊ! अगदी बरोबर! संग्रहालयवालेही हेच म्हणतात, काका."

स्वयंपाकघरात काकूंच्या हातून झारा पडला, इतक्या हसल्या. काकांनी अबोला धरला. कित्येक रविवार माझं ताट जिन्यात आलं… आमटी मात्र काकांच्याच हातची, रागाचं तिखट घालून. मग एक दिवस ते स्वतः दारात. "तिकीट काढलंय. टाक घेऊन जातोय. पण माझ्यावर पत्रक काढलंस तर याद राख!"

जाणं राहिलं. त्याआधीच हृदय थांबलं.

म्हणून काकूंबरोबर मी गेले. विमानतळावर तपासणीवालीनं टाकांचा डबा उघडून विचारलं, हे कोण? काकूंनी शांतपणे बोट ठेवत ओळख करून दिली, "हे आजेसासरे. हे त्यांचे वडील. घरी चाललेत." बाईनं डबा दोन्ही हातांनी परत दिला. सांगलीत वहिनींनी टाक दुधानं धुतले, देव्हाऱ्यात मांडले, पुरणाचा नैवेद्य दाखवला. मी हात जोडून उभी होते, तर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजींचाही टाक करायला टाकलाय सोनाराकडे. इथेच बसवणार. आता बघते, कसे पळतात जर्मनीला!"