साबणाचा पॉड मी कात्रीने कापला

डॉक्टरीणबाईंनी माझ्या उजव्या डोळ्यात पिवळा थेंब टाकला, निळा उजेड मारला आणि म्हणाल्या, "आजोबा, केमिकल बर्न आहे. रसायनाने डोळा भाजलाय." मी म्हटलं, जाळ तर कुठेच नव्हता. त्या म्हणाल्या, "कॉर्नियावरची साल गेलीय. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पडदा."

मला एकच विचारायचं होतं, दिसेल का. कारण डावा डोळा माझा तरुणपणीच गेला. उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये मी जीन्सचा कटिंग मास्टर होतो. तिथे खिशाच्या कोपऱ्यावर ठोकतात ते पितळी रिव्हेट उडून डोळ्यात बसलं. उरला हा एक.

बाईंनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "पाच दिवस द्या मला."

झालं ते माझ्याच अकलेने. माझी बायको मंदा सहा महिन्यांपूर्वी गेली. तिने जन्मभर माझे कपडे धुतले आणि साबण कुठला हे मी कधी विचारलं नाही. मुलगी रेखा अंबरनाथला राहते. तिने मला मशीन घेऊन दिली आणि पॉडचा डबा आणला. पॉड म्हणजे पातळ कवचात भरलेला घट्ट साबण, औषधाच्या मऊ गोळीसारखा, पण मोठा. रेखा म्हणाली, "बाबा, एक टाकायचा, बास."

मंदा कपड्याच्या साबणाची वडी सुरीने अर्धी करायची. एक तुकडा वापरायला आणि दुसरा खिडकीत वाळवायला, म्हणजे तो लवकर झिजत नाही. माझे कपडे किती, एक सदरा आणि एक लेंगा. त्याला अख्खा पॉड कशाला? म्हणून कात्री घेतली. चष्मा टेबलावर होता. पॉड तोंडाजवळ धरून दाबला आणि कापला. पिचकारी सरळ डोळ्यात.

आग आग झाली. मी टॉवेलने चोळला, तीही चूकच. ओरडलो म्हणून समोरची भारती धावत आली. "काका, चोळू नका. गुलाबपाणी-बिणी काही नाही, नळाखाली या." मानेला धरून तिने मला बेसिनमध्ये वाकवलं. घड्याळ बघून वीस मिनिटं डोळ्यावरून साधं पाणी सोडलं. मी शिव्या घातल्या. ती म्हणाली, "घाला, पण डोळा उघडा ठेवून घाला."

मी बदलापूरला खरवईत राहतो, तिथून रिक्षा केली. भारतीने फोन केला होता, म्हणून रेखा वाटेत अंबरनाथला चढली. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अहो बाबा, सुपारी होती का ती, अर्धी करायला?" मग तोंड फिरवून रडत बसली.

दवाखान्यात आधी डोळ्याला कागदाची पट्टी लावली. पीएच टेस्ट, म्हणजे साबणाचा खार आत राहिलाय का ते बघायचं. थोडा होता, पुन्हा धुतला. मग बँडेज लेन्स बसवली. ती नुसती झाकण, खाली साल भरून येईपर्यंत. दर दोन तासांनी थेंब.

पहिला दिवस सगळं धुरकट. दुसरा दिवस तसाच. रोज तपासणीला दवाखान्याच्या बाकावर बसायचो आणि दुसऱ्यांची पावलं मोजायचो. घरी भिंत धरून संडासला गेलो. हे बघायला मंदा नव्हती ते बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी रेखाच्या साडीचा रंग कळला. पाचव्या दिवशी बाईंनी लेन्स काढली आणि समोर अक्षरांचा तक्ता लावला. मी चौथी शिकलेला माणूस, पण शेवटची ओळ घडाघडा वाचली. बाई म्हणाल्या, "औषध नंतर आलं आजोबा. डोळा आधी पाण्याने वाचवला." मी घरी येऊन हे भारतीला सांगितलं आणि शिव्यांची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू द्या. मशीन कशी लावायची ते तरी शिका आता."

शिकलो. माझ्यासारखे एकटे पडलेले बरेच आहेत, त्यांच्यासाठी लिहितो. पॉड कापायचा नाही, दाबायचा नाही. दोन कपड्यांसाठी मशीन लावू नका, चार दिवस साठवा. हात कोरडा हवा, ओल्या हाताने कवच विरघळतं. पॉड आधी रिकाम्या ड्रमच्या तळाशी, कपडे त्याच्यावर, आणि कोंबून भरायचे नाहीत. डबा घट्ट लावून वरच्या फळीवर. लहान पोराला पॉड खाऊ वाटतो. आणि डोळ्यात गेलाच तर आधी नळ, मग दवाखाना.

परवा धुतलेल्या सदऱ्याचं बटण लोंबत होतं. मंदा असती तर तिनेच लावलं असतं. मी खिडकीत बसलो, सुई उजेडाकडे धरली आणि तिसऱ्या खेपेला दोरा ओवला. एका डोळ्याने. बटण लावलं, तोच सदरा घातला आणि बिल्डिंगच्या चारही मजल्यांवर दाखवून आलो.