मुद्दाम बिघडवलेला सर्व्हर

मंडळी, आमच्या पतसंस्थेच्या सगळ्या शाखांचे सर्व्हर आजपासून आमच्या रत्नागिरीच्या मुख्य कार्यालयातला एकच प्रोग्रॅम सांभाळतोय. कुठली सेटिंग कशी हवी, ते मी त्याला सांगून ठेवलंय; कुणी बदलली, तर त्याने ती आपणहून पूर्ववत करायची. पण भरवसा कसा ठेवायचा?

म्हणून दाभोळ शाखेच्या सलमा मॅडमना फोन केला. "तुमच्या सर्व्हरवरची प्रिंटरची सेटिंग मुद्दाम बिघडवा."

"लोक मला बोलतील हो!" म्हणत त्यांनी बिघडवली. प्रिंटर बंद. आम्ही दोघी फोन धरून वाट बघत बसलो.

थोड्या वेळाने त्या ओरडल्या, "अहो, छापायला लागला!"

मी खुर्चीतून उठलेच. एरवी एवढ्यासाठी एसटीने दाभोळ गाठायचे.

मग त्यांनी विचारलं, "पण मी इथल्या सोयीचा बदल केला, तर प्रोग्रॅम तोही पुसणार?"

पुसणारच की! तुमच्याकडे यावर काय करता?