बुजवलेली बिळं

आर्डिस लिंडक्विस्टने उभ्या जन्मात विमानात पाय ठेवला नाही, आणि उभा जन्म तिचा विमानापायीच गेला. अमेरिकेत, आयडाहोतल्या त्यांच्या घरामागे बापाने गवताची धावपट्टी आखली होती. उडायची धाकटी बहीण, व्हर्ना. गवत कापायचं, फवाऱ्यांचे पाइप ओढायचे, घुशींसारख्या गोफरांनी पोखरलेली बिळं मातीने बुजवून टाचेने सपाट करायची, ते सगळं आर्डिसने. बिळात चाक गेलं की विमान नाकावर उलटतं, हे माहीत असून व्हर्नाने कधी बादलीला हात लावला असेल तर शपथ! "ताई, तुझं गवत म्हणजे गादी गं," एवढं बोलून ती कॉफी प्यायला आत पळायची.

गेल्या हिवाळ्यात व्हर्ना आजारपणात गेली. बर्फ वितळल्यावर आर्डिसने सवयीने पंप सुरू केला.

मे महिन्यात एका सकाळी ती बादली घेऊन निघाली, तर बिळं आधीच बुजवलेली. तीही कशी? मातीचा नुसता ढीग, टाच कुठे मारलेली नाही. तिने शेजारच्या डेल्बर्टला फोनवरच झापलं.

"उपकार करायचे तर धड कर की रे बाबा!"

"मी? अगं, माझे गुडघे मला फाटकापर्यंत पोचवत नाहीत."

दवात पाऊल उमटलेलं नव्हतं. मग हे रोजचंच झालं. आर्डिस घाबरली होती, पण कुणाला बोलली नाही. हळूहळू भीतीवर चीड चढली. "जिवंतपणी हात मळवले नाहीस, आता कशाला आलीस?" असं गवताला सुनावून ती ढीग सपाट करायची.

जूनमध्ये व्हर्नाची मुलगी, कोरली, आईचं विमान घेऊन पहिल्यांदाच एकटी यायची होती. "शनिवारी सकाळी येते, मावशी. गादी घालून ठेव!" आर्डिसला तिच्याशिवाय आपलं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं.

शनिवारी आर्डिस बाहेर आली आणि जागीच थिजली. विमान जिथे टेकतं, नेमके तिथेच मातीचे ढीग, एकमेकांना छेदणाऱ्या दोन रांगांत. फुली. धावपट्टीवर फुली म्हणजे पट्टी बंद, उतरू नका. तिथे काल एकही बीळ नव्हतं.

"आज तरी खोड्या नकोत गं," म्हणत तिने दाताळं घेतलं. पहिला ढीग ओढला आणि पायाखालची जमीन दुधावरच्या सायीसारखी थरथरली. तिने कडेला रोवलेली सळई उपसून तिथे खुपसली. सळई पार मुठीपर्यंत आत गेली. पंपाचं पाणी जमिनीखालून नेणारा जुना नळ फुटला होता आणि आतली माती कधीच वाहून गेली होती. वर नुसतं हिरवंगार गवत तेवढं उरलं होतं.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. दाताळं फेकून तिने ओढलेली माती दोन्ही हातांनी पुन्हा ढिगाला लावली आणि बाजूला पळाली. विमान खाली आलं, आणखी खाली आलं, आणि एकदम वर उचललं गेलं.

थोड्या वेळाने फोन वाजला. "गावच्या विमानतळावर उतरले, मावशी. बरं झालं, तू फुली घातलीस."

"मी नाही," हे आर्डिसच्या ओठांवर आलं होतं. "जेवायला घरी ये," ती म्हणाली.

नळ बदलला, पोकळी भरली. त्यानंतर मात्र बिळं उघडीच दिसू लागली. आर्डिसने बरेच दिवस वाट पाहिली.

"दमलीस एवढ्यात?" एका सकाळी तिने विचारलं, आणि बादली खाली ठेवून ती मनसोक्त रडली. मग तिने कडेचं एक बीळ बुजवलं. माती ढिगासारखी वरच राहू दिली, टाच मारली नाही.