दिसते, पण काय ते समजत नाही

माझ्या डोळ्यांवरची पट्टी काढली त्या सकाळी माय माझ्यासमोर बसली होती, आणि मला ती ओळखू आली नाही.

जन्मापासून माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. अंगणात ऊन कुठवर आलंय ते मी सांगू शकायची, पण त्या उन्हात कोण उभं आहे ते नाही. मुकुटबनजवळच्या आमच्या गावात मोतीबिंदू हे म्हाताऱ्यांचं दुखणं. पोरगी जन्माचीच आंधळी, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. मी निवासी अंधशाळेत ब्रेलवर दहावी झाले आणि सुटीत घरी आले, तेव्हा गावात डोळ्यांचं शिबिर लागलं होतं. माय स्वतःचे डोळे दाखवायला निघाली. मला घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून सोबत घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी मायच्या आधी माझ्याच डोळ्यांत बॅटरी धरली.

"हिला आधी कुठं दाखवलं नाही?"

"तिचे तं जन्माचेच गेले, बाई," माय म्हणाली.

"गेलेले नाहीत. झाकलेले आहेत. पूर्ण नजर येणार नाही कदाचित, पण येईल."

अशी माझी ऑपरेशनं झाली. पट्टी निघाली तेव्हा समोर नुसते रंग होते. एक मोठा, हलणारा, मधेच चमकणारा आकार जवळ आला. माय मला लाडानं म्हणायची तसं "बाई," असं तो आकार म्हणाला, आणि त्याची माय झाली. चमकत होती ती तिची नथ. हात लावून पाहिला तेव्हा कळलं.

सगळ्यांना वाटलं, आता झालं. मलाही तसंच वाटलं होतं. घरी आल्यावर माझा नवा चष्मा मला लावून, खाटेवर बसवून माय म्हणाली, "सांग बरं, हे काय हाय?" तिनं माझ्यापुढे स्टीलची वाटी आणि काडेपेटी ठेवली होती. दोन्ही वस्तू मी हजारदा हातात घेतलेल्या. दोन गोष्टी आहेत हे दिसत होतं. त्या एकसारख्या नाहीत हेही दिसत होतं. पण वाटी कोणती आणि काडेपेटी कोणती, हे काही केल्या सांगता येईना.

"दिसून नाही राह्यलं का तुले?" मायनं घाबरून विचारलं.

"दिसते वं माय. पण काय दिसते ते समजत नाही."

मग तिनं माझा हात धरून वाटीवर ठेवला. काठावरून बोट फिरलं, आणि बोट फिरता फिरता तो समोरचा चकचकीत आकार वाटी होऊन बसला. "आधी हात लाव, मंग पाह्य," माय म्हणाली. त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. तवा, झाडू, कोंबडी, शेजारच्या घराची पायरी. घाई असली की मी डोळे मिटूनच चालायची. मिटल्यावर घर पुन्हा ओळखीचं व्हायचं. कडुनिंबाची सावली आडवी आली की खड्डा समजून ओलांडायची, आणि बाबा पोट धरून हसायचे. एकदा शेतावर जाताना मी विचारलं, "एवढ्या चादरी कोणाच्या वाळत घातल्या?" तो आमचाच कापूस होता. किती वर्षं मायसोबत हातांनी चाचपून वेचलेला. मी धावत जाऊन बोंड हातात धरलं, त्याच्याकडे पाहिलं, मग सगळ्या शेताकडे पाहिलं, आणि तिथंच मोठ्यानं रडले. आनंदानं.

हळूहळू डोळे हातांच्या मागे मागे चालायला शिकले. पुढे पुढे हात न लावताही जमू लागलं. छापील अक्षरं शिकले, बारावी केली, आणि पुसदला मावशीकडे राहून बी.ए.ला नाव घातलं. पुसदला मला कोणी ओळखत नव्हतं. जाड भिंगांची, पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी, एवढंच. मी आंधळी होते हे मी कोणालाच सांगितलं नाही. तो शब्द गावात एवढा ऐकला होता की पुन्हा अंगावर नको होता.

मी तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र असे दोन्ही विषय घेतले होते. तत्त्वज्ञानाचे सर निवृत्तीला आलेले, मानसशास्त्राच्या मॅडम नव्या. कॉलेजात खोल्या कमी, म्हणून दोघांना मिळून एकच खोली होती आणि तिथून रोज वाद ऐकू यायचा. सर म्हणायचे, मनाचा नीट विचार केला तर अर्धे प्रयोग करावेच लागणार नाहीत. मॅडम म्हणायच्या, प्रयोग केले तर अर्धा विचार वाचेल. मग दोघं एकाच डब्यातली भाजी खायचे.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी सरांनी वर्गात प्रश्न घातला. "समजा, एक माणूस जन्मांध आहे. चेंडू आणि डबी, दोन्ही तो हातानं ओळखतो. एक दिवस त्याला दृष्टी आली. हात न लावता, नुसतं पाहून, तो सांगू शकेल का की चेंडू कोणता आणि डबी कोणती?"

माझ्या हातातला पेन थांबला.

वर्ग पेटला. एक मुलगा म्हणाला, "सांगेलच ना सर! गोल ते गोल. हाताला गोल तेच डोळ्याला गोल." मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "काहून सांगन? त्यानं गोल पाह्यलंच कुठं हाय?" सर खुशीत टेबलावर बोटं वाजवत होते. "हा प्रश्न फार जुना आहे," ते म्हणाले. "गोलपणा ही मनातली एकच कल्पना, की हाताची वेगळी आणि डोळ्याची वेगळी? मोठमोठ्या लोकांनी यावर आयुष्यं घातली. आता जन्मांध माणूस आपण कुठून आणायचा?"

मी उभी राहिले.

"सर, मी सांगू? मी होते ती."

"कोण होतीस?"

"जन्मांध. दहावीपर्यंत. ऑपरेशन झाल्यावर मायनं माझ्यापुढे वाटी आणि काडेपेटी ठेवली होती. मला नाही सांगता आलं."

मी सगळं सांगितलं. चमकणारी नथ, सावलीचा खड्डा, चादरींचा कापूस. कोणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि मला बसायला न सांगता स्वतःच खुर्चीवर बसले. मग एकाएकी उठून व्हरांड्यात गेले आणि जोरात हाक मारली, "मॅडम! अहो मॅडम, तास सोडा आणि इकडे या!"

मॅडम आल्या त्या त्यांच्या अख्ख्या वर्गासकट. त्यांनी माझं कौतुक वगैरे केलं नाही. सरळ प्रश्न विचारू लागल्या, आणि मला ते फार आवडलं. "पहिल्या दिवसांत तुला कडा स्पष्ट दिसत होत्या का? की सगळं पुसटच होतं, म्हणून ओळखता आलं नाही?"

"पुसट होतं मॅडम. पण दोन्ही वेगळ्या आहेत हे दिसत होतं. फक्त हाताला ठाऊक असलेली वाटी यातली कोणती, ते नाही."

"म्हणजे फरक दिसत होता, नाव जुळत नव्हतं," मॅडम सरांकडे वळल्या. "पण एका मुलीवरून सगळ्यांचं ठरत नाही."

"आणि माझ्या प्रश्नातल्या माणसाला तर एकदम स्वच्छ दिसतं," सर म्हणाले. "तरी मॅडम, मी आजवर बोलत होतो ते हवेत. आज प्रश्नाला माणूस मिळाला."

मॅडमना एक कल्पना सुचली: आता माझे हात आणि डोळे कितपत जुळलेत ते पाहायचं. त्यांनी मुलांना मैदानातली काळी माती भिजवून आणायला पाठवलं. कोणी कधी पाहिले नाहीत असे वेडेवाकडे आकार मुलांनी तयार केले. एकाला शिंग, एकाला दोन खड्डे, एक मधेच पिळलेला. प्रत्येकाची जोडी. एक मला ओढणीखाली हातानं चाचपायला द्यायचा, आणि मग टेबलावरच्या रांगेतून त्याचा जोडीदार मी नुसतं पाहून काढायचा. माझ्या हातांनी ओल्या मातीवरून फिरत शिंग मोजलं, वळण ओळखलं. मी मान वर केली, रांग पाहिली आणि बोट दाखवलं.

"बरोबर!" कोणी तरी ओरडलं.

दुसरा बरोबर. तिसरा बरोबर. मग पोरं मुद्दाम अवघड, एकमेकांसारखे आकार करू लागली. तेही मी ओळखले. एकही चुकला नाही. शेवटी अख्खी खोली बाकं बडवत होती, आणि मातीनं भरलेले हात वर करून मी हसत उभी होते. ज्या हातांकडे लोक कीव करून पाहायचे, त्यांनी डोळ्यांना शिकवून तयार केलं होतं. मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, की माझं आंधळेपण वाया गेलं नाही. ते माझं शिक्षण होतं.

महिन्याभरात दोघांनी मिळून सगळ्या कॉलेजसाठी कार्यक्रम ठेवला. बोलणार मी, आणि मधे मधे भांडणार ते दोघं. माय गावाहून आली. सभागृह भरलं होतं. पोरं खिडक्यांत बसून मोबाइलवर चित्रण करत होती. मी बोलले, कागदाशिवाय. खाली पहिल्या रांगेत माय दिसत होती. पदर डोक्यावर, हात मांडीवर घट्ट धरलेले. एवढ्या लांबूनही तिचा चेहरा मला नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत होता.

सर म्हणाले, नुसत्या विचारानं हे कळलं नसतं, मी हरलो. मॅडम म्हणाल्या, अजून काहीच ठरलेलं नाही, हिला पुढे शिकू द्या. दोघांनी त्याच दिवशी मला सांगितलं, एम.ए. कर. कोणत्या विषयात, यावर मात्र ते स्टेजवरच पुन्हा भांडले. पुढे मी मानसशास्त्र निवडलं, आणि प्रबंधाचा विषय सरांनी सुचवलेला घेतला.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी मायला पोहोचवायला निघाले. गाडीत कंडक्टरनं सहज विचारलं, "काय शिकते पोरगी?"

मायनं आवाज चढवला, म्हणजे मागच्या सीटपर्यंत जावा. "मनाचं शिकते. दोन-दोन मास्तर किती दिवसापासून भांडून राह्यले होते, भाऊ. माह्या पोरीनं कालच निकाल लावला!"

निकाल काही लागला नव्हता. पण गाडीतली माणसं वळून वळून माझ्याकडे पाहत होती, माय ताठ बसली होती, आणि मी तिला अजिबात दुरुस्त केलं नाही.