छपरावरचं पाणी

ओरेगॉनच्या किनाऱ्यावर पाऊस उसंत देत नाही, आणि वर्ना लिंडक्विस्टचा संसार एका जुन्या मोटारघरात, म्हणजे चाकांवरच्या घरात. मुक्काम हलवताना बटण दाबलं की बाजूला बाहेर सरकवलेली खोली आत येते. त्याआधी शिडीवर चढून तिच्या छपरावरचं पाणी झाडायचं, नाहीतर ते घरात शिरतं. हे काम नवऱ्याचं, ड्वेनचं. तो शिडीवरून पडून अधू झाला, तेव्हा ते वर्नाकडे आलं.

"झाडलंस का गं?" त्याने पहिल्यांदा विचारलं.

"झाडलं, झाडलं! जीव नको खाऊस." शिडीला तिने हातही लावला नव्हता. पुन्हा त्याने कधी विचारलं नाही.

आज त्या खोलीतल्या कोचापाशी तिचा पाय जमिनीच्या, पाण्याने कुजलेल्या फळीत रुतला.

"ड्वेन, मी खोटं बोलले रे."

"माहितीय. शिडी वाजलीच नाही कधी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू चढली असतीस."