इंदीचं जावळ

गणू शेलार, शिपाई. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीच्या आघाडीवर बेपत्ता झाला, आणि साताऱ्याकडच्या त्याच्याच गावानं त्याला ‘पळपुटा’ ठरवून टाकलं. चावडीसमोर लढाईवर गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. त्यावर त्याचं नाव आजही नाही! तो माझ्या आजीचा बाप.

भूत-आत्मा मी मानत नाही. पुण्यात बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटलीत, शिव्या खाल्ल्यात. तरी हे लिहितेय...

मी कॅनडात सस्काटूनला शिकते, हेल्गा नावाच्या जर्मन म्हातारीच्या बेसमेंटमध्ये राहते. मार्चमधली रविवारची सकाळ. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून आम्ही तिच्या किचनमध्ये कॉफी घेत होतो, तेवढ्यात इंदी आजीचा व्हिडिओ कॉल.

“डोक्याला तेल लावतीस का न्हाई? पार झिपरी दिसतीयास.”

“आजी, इथं टोपी काढतंय कोण!”

हेल्गानं कप खाली ठेवला. “माझे डॅड असंच बोलायचे,” ती इंग्रजीत म्हणाली. “शेवटच्या विंटरमध्ये, भ्रमात. आम्हाला वाटायचं रशियन आहे.”

आणि तिनं ते म्हणून दाखवलं. अडखळत — पण हेल अस्सल साताऱ्याचा. “इंदीचं जावळ ठिवा. म्या आल्याबिगर काढू नगा.”

फोनवरून आजी म्हणाली, “ह्ये माझ्या बाचं बोलणं हाय. निघताना उंबऱ्यात बोलला हुता... आई सांगायची.”

मग ती बोलतच राहिली. केस कमरेखाली गेले तरी आई कात्री लावू देईना. दुपारी अंगणात पुढ्यात घेऊन विंचरायची, शिकेकाईचा वास दिवसभर राहायचा. पोरं ‘पळपुट्याची जटाधारी’ म्हणायची. आजी हसत होती, डोळे पुसत होती.

मी डोकं चालवलं. मरताना गणू बोलला असेल, समोरच्या जर्मनानं ऐकलं असेल? हेल्गाच्या कपाटात तिच्या वडिलांच्या डिव्हिजनचा जाडजूड इतिहास आहे, इंग्रजीत. अख्खा वाचला. ती डिव्हिजन रशियात लढली, रशियातच संपली. इटलीत पाऊल नाही. ते स्वतः तिथल्या कैदेतून सुटले आणि पुढे इथे आले. हिंदी सैनिक त्यांनी बघितलासुद्धा नसेल. मग? मला माहीत नाही. आजही नाही.

त्या सकाळी फोन ठेवताना आजीनं एवढंच विचारलं होतं, “म्हंजे त्याला यायचं हुतं, न्हाई का गं?”

होतं, आजी.

गावकऱ्यांनो, हा अंक तुमच्याकडे येतो, मला ठाऊक आहे. माझ्या गोष्टीवर विश्वास ठेवू नका, हवं तर हसा. पण इंदी आजी जिवंत आहे तोवर त्या दगडावर गणू शेलारचं नाव कोरा.